चित्रातील सिंह आणि पडद्यामागचा आवाज

एका कलेच्या पोटी जन्मलेली कृती दुसऱ्या कलेच्या घरी नांदावयास गेली, म्हणजे तिच्यावर माहेरचा हक्क किती आणि सासरचा किती, हा प्रश्न जुना आहे. कादंबरीचे नाटक झाले, नाटकाचा बोलपट झाला, पुराणातल्या आख्यानाचे कीर्तन झाले. त्या प्रत्येक वेळी माहेरच्यांनी ‘आमची मुलगी ओळखू येईनाशी झाली’ अशी तक्रार केली आणि सासरच्यांनी ‘आमच्या घरी आमच्याच रीतीने वागावे लागते’ असे उत्तर दिले. या भांडणात दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे असल्यामुळे ते कधी मिटले नाही, आणि मिटावे अशी कोणाची फारशी इच्छाही दिसली नाही. परंतु गेल्या तीसपस्तीस वर्षांत या जुन्या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे, आणि ते वळण आम्हांस केवळ रसिकतेचे न वाटता नीतीचे वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

कार्टूनपटाचे संगीत नाटक करणे, हे ते वळण होय. अमेरिकेतील डिस्ने कंपनीने ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हा १९९१ सालचा आपला कार्टूनपट १९९४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संगीत नाटक म्हणून आणला. १९९४ चा ‘द लायन किंग’ १९९७ साली मंचावर आला. १९९२ चा ‘अलादीन’ २०१४ साली. ही लाट आपल्याकडेही पोहोचली. २०१५ साली मुंबईत वरळीच्या भव्य क्रीडागृहात ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा हिंदी कलावंतांच्या संचात प्रयोग झाला आणि त्याचे दिग्दर्शन विक्रांत पवार यांनी केले, २०१८ साली ‘अलादीन’ही मुंबईत झाला. आणि या मोठ्या प्रयोगांची धाकटी भावंडे आता गावोगावच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतून दिसतात. बंगळुराच्या पूर्वेस, कोलारच्या रस्त्यावर असलेल्या आमच्या होसकोट्यासारख्या तालुक्याच्या गावीही हिवाळा आला की पुठ्ठ्याची आयाळ लावलेले पाचसहा सिंह सहज भेटतात.

कादंबरीचे नाटक करणे आणि कार्टूनपटाचे नाटक करणे यांत मोठा फरक आहे. कादंबरीतील नायकाला चेहरा नसतो. तो प्रत्येक वाचकाने आपल्या मनाने दिलेला असतो. त्यामुळे कोणताही गुणी नट उभा राहिला तरी वाचकाची फार तर थोडी कुरकुर होते. कार्टूनपटातील पात्राला मात्र चेहराच असतो, देह नसतो. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. ‘द लायन किंग’ हा अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा चित्रपट, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक चौकटी झाल्या. आणि एवढ्या चौकटींत तो सिंह एकदाही खरोखर दमत नाही, त्याला ठेच लागत नाही, त्याचा घसा बसत नाही. त्याचे दिसणे चित्रकारांनी कायमचे ठरवून टाकले आहे. त्याचे बोलणे मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी असते. चित्र एकाचे, आवाज दुसऱ्याचा, गाणे क्वचित तिसऱ्याचे. आणि या तिघांच्या मिळून झालेल्या प्राण्याला स्वतःचे असे काहीच नाही.

हा प्राणी मंचावर आणावयाचा, म्हणजे त्याला हाडामासाचे, घाम गाळणारे, रोज संध्याकाळी नव्याने दमणारे माणूस द्यावयाचे. प्रश्न असा, की या माणसाने कोणाशी इमान राखावे? चित्रकाराने काढलेल्या रेषेशी, कथेशी, पाहणाऱ्याच्या अपेक्षेशी, की स्वतःच्या देहाशी आणि गळ्याशी?

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे. लोकांनी चित्रपट पाहिला आहे, तो त्यांना आवडला आहे, म्हणून ते तिकीट काढून आले आहेत. तेव्हा त्यांना जे ठाऊक आहे तेच हुबेहूब दाखवावे. दुसरे उत्तर स्वातंत्र्यवाद्याचे. कलावंत कोणाचा बांधील नाही; त्याने मूळ कृती हे केवळ निमित्त समजावे आणि हवे ते करावे. पहिल्या उत्तरात नट म्हणजे चित्राचा छाप उठविणारा ठसा होतो. दुसऱ्या उत्तरात मूळ कृतीचे नाव तेवढे फलकावर राहते आणि गिऱ्हाईक जमविण्यापलीकडे त्या नावाला काही काम उरत नाही. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण शोधू लागलो असता आपल्याच जुन्या साहित्यशास्त्रातील एक दृष्टांत हाती येतो.

भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुक या आचार्याने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. भिंतीवर काढलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो. हे ज्ञान खरे म्हणावे तर तेथे घोडा नाही. खोटे म्हणावे तर आपण फसलेलो नाही. संशय म्हणावा तर मनात शंका नाही. आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ असेही आपण म्हणत नाही. या चारांहून वेगळी अशी ती एक प्रतीती आहे, आणि रंगभूमीवर नटाला पाहून ‘हा राम’ असे आपणास वाटते तेही त्याच जातीचे, असे शंकुकाचे म्हणणे. पुढे भट्टतौताने आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त याने शंकुकाचा अनुकरणवाद खोडून काढला. नटाने रामाला पाहिलेलेच नाही, तर तो त्याचे अनुकरण कसे करील, हा त्यांचा आक्षेप कोणालाही पटण्यासारखा आहे.

कार्टूनपटाच्या नाटकात मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. शंकुकाचा चित्रातील घोडा येथे दृष्टांत राहिला नसून प्रत्यक्ष मूळ पात्र झाला आहे. नटाने रामाला पाहिले नव्हते. पण या सिंहाला नटाने पाहिले आहे, दिग्दर्शकाने पाहिले आहे, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाने तर पन्नास वेळा पाहिले आहे. अनुकरण अशक्य आहे हा अभिनवगुप्ताच्या पक्षाचा आधार येथे नाहीसा होतो. अनुकरण शक्य आहे, इतकेच नव्हे तर त्याची मागणी आहे. म्हणून जो प्रश्न पूर्वी शास्त्राचा होता तो आता नीतीचा झाला. अनुकरण करता येते, परंतु ते करावे काय?

‘द लायन किंग’च्या मंचीय प्रयोगाची दिग्दर्शिका ज्यूली टेमॉर हिने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते विचार करण्यासारखे आहे. संगीत नाटकाच्या दिग्दर्शनासाठी अमेरिकेचा टोनी पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री. तो तिला १९९८ साली मिळाला. तिने नटांना सिंहाच्या कातड्यात कोंबून चेहरे झाकले नाहीत. सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्याच्या वर बसविला आणि खाली नटाचा स्वतःचा चेहरा उघडा ठेवला. प्रेक्षकाने दोन्ही पाहावे, सिंहही आणि माणूसही. पायांना आणि हातांना उंच काठ्या बांधून चालणारा नट जिराफ होतो. एकाच नर्तकाच्या डोक्यावर एक आणि दोन हातांवर दोन अशी तीन हरणे उड्या मारतात. बाहुली चालविणारा माणूस बाहुलीच्या मागे उघडपणे उभा असतो. चित्रपटात रानगव्यांच्या कळपाची जी धावपळ संगणकाच्या साहाय्याने दोन वर्षांहून अधिक काळ खपून तयार केली होती, ती मंचावर फिरत्या रुळांवरील आकृतींनी आणि मुखवटे घेतलेल्या नर्तकांनी होते. दुष्काळ पडतो तेव्हा पाण्याचे डबके म्हणून अंथरलेले रेशमी वस्त्र हळूहळू एका भोकातून ओढून घेतले जाते. सिंहिणी रडतात तेव्हा त्यांच्या मुखवट्यांच्या डोळ्यांतून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ओढल्या जातात. चित्रपटात नर असलेले वानर मंचावर मादी झाले. दीड तासाच्या आतली गोष्ट मध्यंतरासह अडीच तासांची झाली.

हुबेहूबपणाच्या मापाने पाहिले तर हे सारे बेइमानीच ठरेल. तरीही हा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे चालला आणि मुलांनी ‘हा आमचा सिंह नव्हे’ असे म्हटल्याचे आढळत नाही. कापडाची पट्टी म्हणजे अश्रू नव्हे, हे लहान मुलालाही कळते. आणि ते कळत असूनच त्याचा गळा दाटून येतो. येथे कोणी कोणाला फसविलेले नाही. काय बदलले, कोणी बदलले, कोणाच्या हाताने ही बाहुली हलते आहे, हे सर्व उजेडात आहे. आमच्या मते या प्रयोगाचे नैतिक बळ या उजेडात आहे.

टेमॉर तरुणपणी, १९७० नंतरच्या दशकात, इंडोनेशियात राहून तेथील छायाबाहुल्यांचे खेळ शिकली होती. रामायण-महाभारताच्या कथा कातड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगण्याची ती परंपरा आहे. परंतु ती पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याची आपल्याला गरज नाही. आम्ही ज्या मुलखात राहतो त्या कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’ या नावाने चर्मबाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कातडे कमावून पातळ व अर्धपारदर्शक करावयाचे, त्यावर रंग भरावयाचे, मागे दिवा ठेवावयाचा आणि पांढऱ्या पडद्यावर रंगीत सावल्या नाचवावयाच्या. हलणारे चित्र, त्याच्यामागे उजेड आणि आड बसून दिलेला आवाज, ही कार्टूनपटाची सारी सामग्री येथे शतकांपूर्वीच सिद्ध होती. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांना याहून जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. हा खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात अथवा शिळ्ळेक्यात समाजाची घरची बोली मराठीचे एक रूप आहे. पडद्यावर कन्नड, चुलीपाशी मराठी. २०२५ साली पद्मश्रीने गौरविलेल्या कोप्पळ जिल्ह्यातील वयोवृद्ध कलावती भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांच्या नावातच या समाजाचे नाव आहे.

मराठीचा आणि या मुलखातील खेळांचा संबंध याहूनही खोल आहे. सतराव्या शतकात बंगळूर आणि त्याबरोबर होसकोटे हा शहाजीराजांच्या जहागिरीचा भाग होता. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरला गेले, आणि तेथील भोसले राजांनी यक्षगानाच्या धर्तीवर मराठी नाटके लिहिली. पुढे १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली, त्यांचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी तसेच काही मराठीत करावे असे सुचविले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. हेच भावे लाकडी कळसूत्री बाहुल्या घडविणारे कसबी कारागीरही होते. रामदास पाध्ये यांनी त्यांच्या बाहुल्यांचा खेळ आपल्या काळात पुन्हा उभा केला. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्माच्या वेळी बाहुली आणि नट एकाच माणसाच्या अंगणात खेळत होते.

भाव्यांच्या नाटकात गाणे सूत्रधाराचे असे. तो आणि त्याचे साथीदार पदे म्हणत, आणि राम, रावण, सीता ही पात्रे त्यावर अभिनय करीत व आयत्या वेळी सुचेल ते बोलत. नट दिसे, पण पद त्याचे नसे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा पदे पात्रांच्या तोंडी आली. ज्याचे दुःख त्याचेच गाणे, अशी व्यवस्था झाली. संगीत नाटकाच्या इतिहासात हा बदल नेहमी रागदारीच्या अंगाने सांगितला जातो. आमच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. आवाज देहात आला, आणि त्या आवाजाला जबाबदार असा एक माणूस समोर उभा राहिला. सूर चुकला तर त्याचा, लागला तरीही त्याचाच. कार्टूनपटाचे संगीत नाटक करणारे नेमका हाच प्रवास पुन्हा करीत असतात. चित्रात विभक्त असलेले रूप आणि स्वर यांना एका माणसात नांदविणे, हेच त्यांचे खरे काम.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण एका लहानशा घटनेत आहे. आमच्या परिचयाच्या एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी एका परीकथेच्या कार्टूनपटाचे संगीत नाटक बसविले होते. चित्रपटातील राजकन्या गोरी, लांब केसांची, नाजूक. शाळेत जिचा गळा सर्वांत चांगला ती मुलगी सावळी आणि अंगाने थोराड. शिक्षिकांनी तोड काढली. दिसायला चित्रासारखी असलेली दुसरी मुलगी राजकन्या झाली. गाणारीला ध्वनिक्षेपकापुढे पडद्याआड बसविले. ही ओठ हलवी, ती गाई. नाटक उत्तम झाले. टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली, आणि राजकन्येला बक्षीस मिळाले. गाणाऱ्या मुलीचे नाव छापील कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

शिक्षिकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. समोर बसलेल्या चिमुरड्यांना चित्रातली राजकन्या हवी होती. पालकांना गाणे चांगले हवे होते. दोन्ही गोष्टी एका मुलीत मिळत नव्हत्या. त्यांनी त्या दोघींत वाटून दिल्या, आणि दोघींनाही काम मिळाले. गाणाऱ्या मुलीच्या वडिलांना आम्ही ओळखतो. त्यांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, गाणे तर तिचेच झाले ना? चेहऱ्याचे काय घेऊन बसलात?” बापाने असे म्हणावे यात समजूतदारपणा किती आणि सवय किती, हे ठरविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ते उत्तर आमच्या मनातून गेले नाही.

आता अडचण अशी, की वर आम्ही ज्या परंपरांचे गुण गाइले त्यांतही आवाज पडद्याआडच असतो. चर्मबाहुल्यांचा सूत्रधार पडद्याआड बसून रामाचेही बोलतो आणि सीतेचेही. भाव्यांच्या नाटकात पद एकाचे आणि अभिनय दुसऱ्याचा. तेथे जे आम्हांस गोड वाटते ते शाळेत का खुपावे? सोयीप्रमाणे न्याय बदलणे शहाण्यास शोभत नाही. तेव्हा फरक असेल तर तो दाखविला पाहिजे.

फरक आहे, आणि तो पडद्याच्या हेतूचा आहे. बाहुल्यांच्या खेळातला पडदा हा खेळणारा आणि पाहणारा यांच्यातील एक करार आहे. कातडे बोलत नाही हे गावच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. आड बसलेला माणूस कोणाचा, कोठचा, त्याचा बाप हा खेळ कसा करी, हेही त्यांना ठाऊक असते. खेळ संपल्यावर धान्य आणि मानपान त्यालाच मिळतो, बाहुलीला मिळत नाही. तो पडदा काढला तर सावली जाईल आणि खेळच उरणार नाही. शाळेतला पडदा मात्र काढता आला असता. तो काढला असता तर नाटक थांबले नसते. एक सावळी मुलगी दिसली असती, एवढेच. खेळ घडावा म्हणून धरलेला पडदा ही कला होय. माणूस दिसू नये म्हणून धरलेला पडदा हा अन्याय होय, मग त्याला कितीही सुरेख झालर लावा.

या दुसऱ्या जातीच्या पडद्याचा इतिहासही कार्टूनपटाइतकाच जुना आहे. १९३७ साली डिस्नेने ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट काढला. त्यातील राजकन्येला जिने आवाज दिला त्या एड्रियाना कॅसेलोटी हिचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हते. चित्रातील मुलगी जगभर झाली आणि तिचा गळा अनामिक राहिला. आपल्याकडेही १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या नावाच्या जागी पडद्यावरील पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’ हे नाव होते. ऐकणाऱ्यांनी हा आवाज कोणाचा अशी विचारणा केली आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले. पार्श्वगायन त्यानंतरही चालूच राहिले आणि ते कोणाला खटकत नाही. खटकू नयेच. कारण आता गाणाऱ्याचे नाव लपविले जात नाही. श्रोत्याला गळा कोणाचा हे ठाऊक असते आणि तो दोघांनाही दाद देतो. पडदा तोच, पण तो लपविण्याचे साधन राहिला नाही, संकेत झाला.

कोणी म्हणेल, की चेहरा जुळणे हेही नाटकाचे अंगच आहे. राजकन्या म्हणून कोणालाही उभे करून कसे चालेल? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर शकुंतला झाले. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ च्या ‘मानापमाना’त भामिनी झाले, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी झाले आणि १९१९ च्या ‘एकच प्याला’त सिंधू झाले. पुढे वय वाढले, देह स्थूल झाला, तरी गळ्याने गाणे म्हटले की समोर सिंधूच दिसे. फलकावर नारायणरावांचे नाव असे. कोणाची फसवणूक नव्हती. ज्या प्रेक्षकाने पुरुषात रुक्मिणी पाहिली त्याच्या नातवंडांना सावळ्या मुलीत राजकन्या दिसत नाही, असे आम्हांस खरे वाटत नाही. त्यांना ती दिसली असती. दाखविणाऱ्यांचाच धीर झाला नाही. चित्रकाराने एकदा राजकन्येला गोरा रंग दिला, तो त्याच्या कुंचल्याचा योग होता. पण त्या रंगाला कथेचा नियम समजून जिवंत मुलींना त्याने मोजावयाचे, हे चित्रावरील प्रेम नव्हे. चित्राने माणसाची जागा घेतल्याचे ते लक्षण आहे.

लहान मुलांच्या एका संध्याकाळच्या खेळावरून एवढे तत्त्वज्ञान कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण मुले शिकतात ती अशा संध्याकाळींच. गाणाऱ्या मुलीने शिकून घेतले, की तुझा गुण हवा आहे, तू नको आहेस. दुसरी मुलगी, जिच्या हाती बक्षीस आले, तिने काय शिकले? तिनेही तीन आठवडे तालीम केली होती. तिलाही बरावाईट का होईना स्वतःचा गळा होता. पण तिने नुसते ओठ हलवावेत एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. टाळ्या पडत असता त्या आपल्यासाठी नाहीत हे तिलाही कळले असेल, कारण मुलांना या गोष्टी फार लवकर कळतात. एकीचा चेहरा घेतला गेला आणि दुसरीचा आवाज. चित्रात रूप आणि स्वर विभक्त असतात हा त्या कलेचा स्वभाव आहे. जिवंत माणसांना तसे विभागले म्हणजे दोन अर्धी माणसे होतात.

सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या रीतीने परिचयाची आहे. फाइलीवर टिपणी कारकून लिहितो, मसुदा कारकून करतो, आणि सही वरचा अधिकारी करतो. येथेही आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. तरी ही रीत अन्यायाची नाही. टिपणीखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे असतात, त्याच्यावरच्याची असतात, आणि सही करणारा त्या मजकुराची जबाबदारी उघडपणे आपल्या शिरावर घेतो. पुढे कोणी फाइल उघडली तर कोणी काय म्हटले हे त्याला दिसते. ते पान काढून टाकले, लिहिणाऱ्याचे नाव उडविले आणि त्याचाच मजकूर स्वतःचा म्हणून मिरविला, म्हणजे मात्र त्याच रीतीचे पाप होते. आमच्या पेशातील कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. रंगभूमीवर तो समजावून सांगावा लागतो, कारण तेथे टाळ्यांच्या आवाजात आद्याक्षरे ऐकू येत नाहीत.

आणि आपण जे परमुलखात येऊन राहिलो आहोत, त्यांचे तरी काय? कचेरीत इंग्रजी, बाजारात कन्नड, घरात मराठी, अशी आपलीही रोज रूपांतरे होतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. किळ्ळेक्याताने पडद्यावर कन्नड बोलावे आणि पोराला मराठीत हाक मारावी, यात कोणाची फसवणूक नाही. दोन्ही आवाज त्याचेच आहेत आणि दोन्हींना तो जबाबदार आहे. परंतु मुलांच्या मित्रांसमोर आईने मराठीत बोलू नये म्हणून तिला आतल्या खोलीत बसविले जाते अशी घरेही असतात, आणि वाचकांच्याही पाहण्यात ती आली असतील. तेथे भाषा बदलत नाही. एक माणूस पडद्याआड जाते.

तेव्हा कार्टूनपटाचे नाटक करणाऱ्याने इमान कोणाशी राखावे, या प्रश्नाला आमचे उत्तर असे. चित्राशी हुबेहूबपणाचे इमान राखण्याची गरज नाही. चित्र आपल्या जागी सुखरूप आहे आणि त्याला कोणी म्हातारे करू शकत नाही. कथेच्या मर्माशी इमान राखले पाहिजे, नाहीतर तिचे नाव घेऊ नये. आणि सर्वांत आधी, ज्या माणसाने आपला देह आणि गळा या कथेला उसना दिला त्याच्याशी इमान राखले पाहिजे. त्याला लाकडाचा पाय लावा, डोक्यावर मुखवटा द्या, नराचे काम मादीला द्या, अश्रूंच्या जागी कापड वापरा; परंतु हे कोण करीत आहे ते दिसू द्या, आणि दिसणे शक्य नसेल तर त्याचे नाव तरी छापा. पुढच्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका छापावयास जातील तेव्हा त्यांत एक ओळ वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही. ती ओळ वाढली की मग ज्या मुलीचा गळा चांगला तिला मंचावरच का उभे करू नये, हा पुढचा प्रश्न कोणीतरी आपणहून विचारील.